आत्याची गोळी आणि बाळाची आंघोळ

आत्या,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारापुढच्या मांडवात एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलला. कोणी म्हणालं, भावाच्या बिनआईच्या पोरीला वाढवलं. कोणी म्हणालं, जयंतीच्या शिबिरात रक्त देणारी वस्तीतली पहिली बाई. सगळं खरं. मलाही खुणावलं, ऊठ सुरेखा, बोल. मी पोर मांडीवर घेऊन बसून राहिले. आठवीला शाळा सुटली, माइकसमोर कधी उभी राहिले नाही, हे एक. दुसरं असं की मला तुझ्याबद्दल नव्हतं बोलायचं, तुझ्याशी बोलायचं होतं.

आता परत गुजरातेत, मोरबीला आलेय. हे टाइल्सच्या कारखान्यात पाळीवर गेलेत, पोरगी झोपलीय, खोलीवरचा पत्रा तापलाय. थकलेय गं. रडून थकले असंही नाही, रडू तसं फार आलंच नाही. इतके महिने तुझी काळजी केली की आता तू नाहीस तरी मन सवयीनं करतंच. सकाळची भांडी झाली की वाटतं, तुला गोळी घेतलीस का ते विचारायचं राहिलं. फोन हातात घेते आणि ठेवून देते.

तुझ्या नाकाशेजारी मुगाएवढा तो चकचकीत दाणा कधी आला, मला सांगता येणार नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून तो तुझ्या चेहऱ्याचाच वाटायचा. खपली धरायची, खपली पडायची, रक्त यायचं, तू पदरानं टिपायचीस. "फुटकुळी हाय, जाईल." हळद लावून झाली, कसकसला पाला लावून झाला, शहापूरच्या मेडिकलमधल्या ट्यूबा झाल्या. ती जखम डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या बापानं, तुझं काही ऐकलं नाही. आसनगावला नेऊन गाडीत बसवलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला आणि तो आत हाडापर्यंत गेलेला. कापायचं तर नाकाची बाजू जाणार, डोळाही जाणार. मग डॉक्टर म्हणाले, एक गोळी आहे, ती बघू. रोज एक, तोंडानं घ्यायची.

मी लग्न होऊन इथे आलेली. तू फोनवर हसत होतीस. "कॅन्सरला गोळी, सुरे. तापाला देतात तशी. मी म्हटलं, सुई तरी टोचा, मला आजारी असल्यासारखं वाटू दे."

होती ती कॅप्सूल, पण आपण गोळीच म्हणायचो. ती साधी नव्हती. तिथल्या सिस्टरनं दादांना आणि तुला समोर बसवून सांगितलं. अख्खी गिळायची, फोडायची नाही, चावायची नाही. तुमची ती तुमचीच, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. उरली तर टाकायची नाही, इथं परत आणायची. पोटातल्या बाळाला ती फार वाईट, बाळाचे हातपाय, तोंड घडतानाच बिघडतं, म्हणून गरोदर बाईनं तिला शिवायचंसुद्धा नाही. आणि रक्त द्यायचं नाही. गोळी बंद झाली तरी पुढे बराच काळ नाही.

दादा सांगतात, बाकी सगळ्याला तू मान हलवलीस, रक्ताचं आलं तेव्हाच बोललीस. "म्हणजे जयंतीला नाय?"

"जयंतीला काय, मावशी, आता कित्येक वर्षं नाही."

परत येताना तू अख्खा रस्ता गप्प होतीस म्हणे. मला तेव्हा वाटलं, कॅन्सर ऐकून गप्प झाली. तुला दुसरंच लागलं होतं. दर जयंतीला बाकीच्या बाया कनातीआडून बघत असायच्या आणि तू बाही वर सारून खाटेवर जाऊन पडायचीस. "माझी नस जाड हाय, शोधायला लागत नाय," असं त्या मुलांना सांगायचीस. आपलं रक्त कोणाच्याही अंगात चालतं, हे तू मला लहानपणी इतक्यांदा सांगितलंस की मला ते आपल्या घरचं काहीतरी वैभव वाटायचं. कोणाकडे बैलजोडी असते, आपल्याकडे तुझं रक्त होतं.

गोळीनं गुण दिला, हे म्हणायलाच पाहिजे. जखम सुकायला लागली, कडा बसल्या, डोळ्याचं पाणी थांबलं. तू व्हिडिओवर गाल पुढे करून दाखवायचीस, "बघ, नवीन कातडी, नवरीसारखी." केस गेले. तू टॉवेल गुंडाळून बसायचीस. मग तोंडाची चव गेली. भात म्हणजे चुन्यासारखा, चहा म्हणजे गरम पाणी. आणि पायात गोळे यायचे, हातातही. बोटं अशी वाकडी व्हायची की दादा एकेक बोट धरून सरळ करायचे. तू म्हणायचीस, "ह्यो बघ, माझा भाऊ माझी बोटं मोजतोय, चोरीला गेल्यासारखी."

शेजारच्या काशीबाईनं गोळी मागितली तो किस्सा तू मला दोनदा सांगितलास. तिच्या टाचेला भेग होती, भरत नव्हती. आपल्याकडे एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडते असंच चालतं. उरलेलं औषध म्हणजे उरलेल्या कालवणासारखं, शेजारी वाटी जातेच.

"एक दे ना गो. तुझं एवढं मोठं भरलं, माझी काय एवढीशी भेग."

"घे की. केस जातील, चव जाईल, पायात गोळे येतील. देऊ?"

"नको बाय. भेगच बरी."

मग तू हसणं थांबवून तिला म्हणालीस, "तुझी सून पोटुशी हाय, काशे. ही वस्तू तुझ्या उंबऱ्याच्या आत जायची नाय. मागू नको परत." काशीबाई आठ दिवस बोलली नाही तुझ्याशी.

मला दिवस राहिले ते तुला फोनवर सांगितलं. तू विचारलंस, "कुठं करणार बाळंतपण?" हे काय विचारणं झालं? पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे तू. डोळखांबच्या रस्त्यापासून आपल्या वस्तीपर्यंत किती पोरं तू पायांवर घेऊन न्हाऊ घातलीस त्याला गणती नाही. कोणाच्याही घरी पोर झालं की तुला बोलावणं यायचं. तू मुरबाडहून विधवा होऊन परत आलीस, तुला स्वतःचं झालं नाही, आणि लोकांची पोरं तुझ्या हाताखालून सरळ होऊन जायची. मला तू किती वर्षं म्हणत होतीस, "तुझं होऊ दे, मग बघ कसं चोळते."

दादांनी इस्पितळात विचारलं, पोरगी घरी आणली तर चालेल का. ते म्हणाले, चालेल, फक्त तिनं गोळीला हात लावायचा नाही. म्हणून सातव्यात मी आले. तू डबी वर फडताळात, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली होतीस. सकाळी मला अंगणात पाठवून मग गोळी घ्यायचीस, साबणानं हात धुवायचीस, मग मला आत बोलवायचीस. मी म्हणायचे, "एवढं काय, मी काय ती खाणार आहे?" तू म्हणायचीस, "बाहेर बस."

त्या दिवशी पाऊस होता म्हणून मी दारातच थांबले. तू डबी काढलीस आणि तुझ्या हाताला गोळा आला. बोटं वळली, डबी सुटली. गोळ्या घरभर घरंगळल्या, एक तुझ्याच टाचेखाली फुटली. मी सवयीनं खाली वाकले. आणि तू ओरडलीस. आत्या, तू मला जन्मात कधी तशी ओरडली नव्हतीस. शाळा सोडली तेव्हा नाही, पळून जाऊन जत्रेला गेले तेव्हाही नाही.

"हात लावू नको. मागं हो. मागं हो सुरे."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. तू वाकड्या बोटांनी, प्लास्टिकची पिशवी हातात चढवून एकेक गोळी उचललीस. फुटलेलीची पूड ओल्या फडक्यानं टिपलीस, फडकं पिशवीत बांधलंस, पुढच्या फेरीला इस्पितळात परत द्यायला वेगळं ठेवलंस. फरशी साबणानं दोनदा धुतलीस. मग कोपऱ्यात बसून धापा टाकत राहिलीस. मी पोटावर हात ठेवून उभी. आत लाथ बसली तेव्हा मी म्हटलं, "हलतंय गं." तू मान वर केली नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून तुझी कपबशी वेगळी झाली.

ती तू ओटीच्या वळचणीला खोचून ठेवलीस. ताट-वाटीही तिथंच. जेवायला बाहेर बसायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "असू दे. भरल्या पोटाची पोरगी हायस." दादा संध्याकाळी शेतावरून आले, वळचणीकडे बघितलं आणि तिथंच उभे राहिले. मुरबाडच्या बाजारात आजोबांची कपबशी हॉटेलाच्या मागं वळचणीला खोचलेली असायची. स्वतः काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, धुवायची, परत खोचायची. ही गोष्ट तूच आम्हाला सांगायचीस. तुझ्या लहानपणी तू ती कपबशी उचलून दगडावर आपटली होतीस आणि आजोबांनी तुला मारलं नाही, उलट परत येताना शेव घेऊन दिली होती, हेही तूच सांगायचीस.

"हे काय लावलंयस आक्का?" दादा म्हणाले.

"माझं वेगळं ठेवलंय."

"आपल्या घरात? वळचणीला?"

"ते त्यांनी ठेवलेलं, हे मी ठेवलंय. फरक हाय."

दादांनी वळचणीतून कप काढला, चुलीवरचा चहा त्यात ओतला आणि ओटीवर बसून प्यायला लागले.

"अरे ठेव. माझं तोंड लागलंय त्याला. गोळी हाय माझ्या अंगात."

"असू दे. मला काय आता पोर व्हायचंय?"

तू हसलीस, मी हसले, आणि दादा मात्र हसले नाहीत. रोज संध्याकाळी ते त्याच कपातून प्यायचे. धुऊन तू परत वळचणीला ठेवायचीस. तुम्हा दोघा बहीणभावांचं ते मुकं भांडण महिनाभर चाललं, आणि मी मध्ये बसून दोघांकडे बघायचे. मला तुझ्या कपाचं दुःख नव्हतं तेवढं. मला भीती होती की तू माझ्या पोराला पायांवर घेणार नाहीस. तेवढ्यासाठी मी एवढ्या लांबून आले होते, आणि ते तोंडावर आणायला धीर होत नव्हता.

नववा सरत आला होता. तुला चव नव्हती म्हणून मीठ-मसाला मीच बघत होते. त्या दुपारी सुकट केली होती, तांदळाची भाकरी. तू बाहेर बसून पहिला घास घेतलास आणि म्हणालीस, "सुरे, मीठ जास्त पडलंय गो."

मला इतका आनंद झाला. मी पोट सांभाळत बाहेर आले. "चव आली तुला? आत्या, चव आली?"

तू घास तोंडात तसाच धरून बसलीस. तेव्हा कुठे मला उमगलं की चव आपोआप येत नसते. मी तुझ्या गालाकडे नीट बघितलं. खपलीच्या कडेला ओल होती.

"गोळी बंद केलीस?"

तू भाकरीचा पुढचा तुकडा मोडायला लागलीस.

"कधीपासनं?"

"फेकल्या नाय. डब्यात ठेवल्यात. परत द्यायच्या असतात ना."

मग त्या दिवशी आपण भांडलो. तुझ्याशी मी भांडले असं ते पहिलंच. तू शांतपणे हिशेब मांडलास, जणू कित्येक दिवस मनात मांडून ठेवला होतास. "माझं रक्त घेत नाय ते. का? तर गोळी रक्तात हाय म्हणून. बंद केली तरी बराच काळ राहते, असं सांगितलं का नाय? मग घाम कुठनं येतो? रक्तातनंच ना? मी तेल घेऊन पोराला चोळणार. माझ्या तळव्याचा घाम त्याच्या कातडीत जाणार. कोवळी कातडी, सुरे. तू सांग मला, काय चुकतंय?"

काय चुकत होतं ते मला आजही नीट मांडता येत नाही, फक्त चुकत होतं एवढं माहीत झालंय.

"मग डॉक्टरला विचारायचं ना."

"काय विचारू? तिथं माणसं मरायला टेकलेली रांगेत बसलीत. त्यांच्यात उठून मी विचारू, पोर न्हाऊ घालायला मिळंल काय? हसतील मला."

"हसू दे."

"तुझ्यासाठी बंद केली. थोडी तरी निघून जाईल अंगातनं."

"माझ्यासाठी मरू नको," मी म्हटलं. हे शब्द मी बोलले ते बोललेच. तू ताट उचलून धुवायला गेलीस.

दुसऱ्याच दिवशी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. सिस्टरनं मला दाखवली तेव्हा मी पहिल्यांदा बोटं मोजली, हाताची, पायाची, मग ओठ बघितले, मग परत बोटं. तू दाराशी उभी होतीस. "बरोबर हायत काय?" तू विचारलंस. मी मान हलवली. मग तू आत आलीस.

घरी आल्यावर तू तिला न्हाऊ घातलंस. गोळी बंद होती, म्हणून. हे मी कशी विसरू आणि हे मी कशी आठवू, मला दोन्ही जमत नाही. तू पाटावर बसलीस, पाय लांब केलेस, तिला नडग्यांवर उपडं घेतलंस आणि तुझे हात चालायला लागले. टाचेपासून वर, कमरेपासून वर, खांद्यावरून बाहेर. पोर रडायची थांबली. तू तिला काय काय म्हणत होतीस, "ही कोणाची कमर, ही कोणाची मान, ही आगाऊ कोणाची." टाळूवर तेल थोपटलंस. ओव्याची धुरी दिलीस. मी खाटेवरून बघत होते. माझी आई गेली तेव्हा मी रांगत होते, तिचे हात मला आठवत नाहीत. मला तुझे आठवतात. तेच हात माझ्या पोरीच्या अंगावर, आणि वर तुझ्या गालावर जखम उघडी, तिच्यातलं पाणी तू खांद्यानं पुसत होतीस, हात तेलाचे म्हणून.

रोज सकाळी मी म्हणायचे, आत्या, गोळी. तू म्हणायचीस, "सव्वा महिना होऊ दे." दादांनी हात जोडले. बारसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी जीप दारात आणून उभी केली. "बसतेस का उचलू?" तू बसलीस.

इस्पितळात काय झालं ते दादांनी मला किती वेळा सांगितलं असेल. माझ्या सांगण्यावरूनच सांगतात, मला ते परत परत ऐकावंसं वाटतं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं जखम बघितली, डबीतल्या गोळ्या बघितल्या आणि विचारलं, का बंद केलीत? पेटके सहन झाले नाहीत का, मग आम्हाला सांगायचं, कधी कधी मध्ये थोडे दिवस आम्हीच थांबवतो, पण आपल्या मनानं नाही. मागं रांग चुळबुळत होती. आणि मग, दादा म्हणतात, तू एकदम उभी राहिलीस, शाळेत उभं राहतात तशी, आणि मोठ्यानं विचारलंस, "ही गोळी खाऊन मी नातीला न्हाऊ घातलं तर चालंल काय?"

कोणीच हसलं नाही, आत्या.

डॉक्टरणीनं हातातली डबी टेबलावर ठेवली. "ह्यासाठी बंद केलीत?"

"हाताला घाम येतो ना."

"मावशी, न्हाऊ घाला. मांडीवर घ्या, मुका घ्या, काय करायचं ते करा. डबीला हात लावला की हात साबणानं धुवा, जखमेला लागला तरी धुवा. डबी पोरीच्या हाती लागू देऊ नका. तिच्या आईला परत दिवस राहिले तर गोळी तिनं हाताळू नये, तुम्हाला ओकारी झाली तर तीही तिनं काढू नये. बाकी एका घरात राहा, एका ताटात जेवा."

"मग रक्त का नाय घेत?"

"रक्त थेट दुसऱ्याच्या अंगात जातं. ते एखाद्या गरोदर बाईला चढलं तर? म्हणून नाही. हातानं धरण्यात तसं काही नसतं."

तू म्हणालीस, "हे आधी नाय सांगितलंत."

ती म्हणाली, "काय करायचं नाही ते सांगता सांगता आमचा वेळ संपतो. हे सांगायला पाहिजे होतं."

परत येताना आसनगावला उतरलात, जीप यायची होती, तुम्ही दोघं बाकावर बसलात. दादांनी तुला वडापाव आणून दिला. तू तो हातात धरून म्हणालीस, "म्हणजे दोन्ही चाललं असतं रे." तू परत म्हणालीस, "दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्यासमोर गोळी घेतलीस. मला बाहेर पाठवलं नाहीस, फक्त लांब बस म्हणालीस. हात कोपरापर्यंत धुतलेस. साबण उतरला तरी परत धुतलेस. मग पाटावर बसून पाय लांब केलेस आणि म्हणालीस, "दे इकडं." मी पोर तुझ्याकडे दिली. पोरीनं तुझ्या नडगीवरच शू केली. तू म्हणालीस, "केलंस काय गो? आता माझं काय तुला लागायचं, तुझंच मला लागलं."

त्या दिवसापासून मी जाईपर्यंत दोन्ही चाललं. गोळीही आणि न्हाणंही. चव परत गेली तुझी, मीठ परत माझ्याकडे आलं. कप मीच एके दिवशी घरात आणून ठेवला, तू बघितलंस आणि तिथंच राहू दिलास. जखम वरून परत सुकायला लागली होती. पण आतलं आपल्याला दिसत नव्हतं. मशीनमध्ये फोटो काढला तेव्हा ते डोळ्याच्या मागं गेलेलं निघालं. दादांनी त्या डॉक्टरणीला विचारलं, मध्ये बंद केली म्हणून का? ती म्हणाली, सांगता येत नाही, कदाचित आधीपासूनच तिकडे चाललं असेल. दादांनी ते मला फोनवर सांगितलं आणि मी विचारलं, ती तुमच्या समाधानासाठी बोलली का खरं? दादा म्हणाले, "मला काय माहीत, पोरी."

मी मोरबीला येऊन तीनेक महिने झाले असतील. शेवटी शेवटी तू फोनवर बोलायची नाहीस, फक्त म्हणायचीस, "तिला दाखव." मी फोन पोरीसमोर धरायचे. तू एका डोळ्यानं बघायचीस. एकदा म्हणालीस, "मान धरली हिनं." एवढंच. दादांचा फोन आला तेव्हा मी गाडी पकडली, पण गाडीला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो, आणि तुला तेवढं थांबता आलं नाही.

तुझ्या उरलेल्या गोळ्या दादा इस्पितळात देऊन आले. काशीबाई आली होती, तिनं मागितल्या नाहीत, उलट विचारलं, "परत नेऊन दिल्यात ना रे?" दादांनी हो म्हटल्यावर पदर तोंडाला लावला.

तुझ्यावर रागवावं असं मला रोज एकदा वाटतं. एवढी रक्ताची हुशारी, घामाचा हिशेब, आणि एक प्रश्न विचारायला एवढा उशीर. मग वाटतं, उशिरा का होईना, विचारलास तूच. मी तिथं असते तर माझ्यानं त्या रांगेपुढे तोंड उघडलं असतं का? आणि माझ्या पोरीच्या अंगाला तुझे हात लागले, ते गोळी थांबवून लागले तेही, घेऊन लागले तेही. मी ते घेतले. तुला आभार मानलेलं आवडायचं नाही, "परक्या बाईसारखं काय बोलतेस" म्हणायचीस, म्हणून राहिलं ते राहिलंच.

परवा पोरीला ताप आला. मी इथल्या दवाखान्यात नेली. डॉक्टर भराभर बोलला, थंड देऊ नका, गुंडाळून ठेवू नका, हे औषध उपाशीपोटी नाही, ते दुसऱ्या औषधाबरोबर नाही, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. पूर्वी मी चिठ्ठी घेऊन बाहेर आले असते आणि रस्ताभर घाबरत राहिले असते. मी खुर्चीवरून उठले नाही. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, क्या नहीं करना वो समझ गई, अब बताओ, नहलाया तो चलेगा? मागच्या बाईनं सुस्कारा सोडला. डॉक्टरनं मान वर केली आणि म्हणाला, हां, गुनगुने पानी से, क्यों नहीं.

घरी आले, हात धुतले आणि पाणी तापत ठेवलं.